रिकामी पेटी

छंद आणि खूळ यांच्यामधील सीमारेषा ज्या कोणी प्रथम आखली असेल, त्याने ती आखताना घरच्या माणसांचे मत घेतले नसावे. आमच्या छंदाला आमच्या घरात आजवर तीन नावे मिळाली. आम्ही शाळेत गणित शिकवीत होतो तोवर तो 'उद्योग' होता. निवृत्तीनंतर त्याचे 'खूळ' झाले. आणि मागल्या पावसाळ्यात दिवाणखान्याची एक भिंत काडेपेट्यांनी व्यापली तेव्हापासून त्याचा उल्लेख नुसता 'ते' असा होतो. पाहुणे यायचे असले म्हणजे "अहो, ते जरा झाकून ठेवा," एवढे सांगितले की पुरे.

हा छंद खेळ घडविण्याचा आहे. खेळण्याचा नव्हे, खेळण्यात आम्ही पहिल्यापासून सामान्यच. पण दोघे जण खेळत असले म्हणजे आमचे लक्ष सोंगट्यांवरून उडून नियमांकडे जाते. हा नियम असाच का? तो काढून टाकला तर डाव रंगेल की मरेल? आम्ही राहतो त्या तेलंगणात तीन वाघ आणि पंधरा शेळ्यांचा 'पुलि-मेका' हा खेळ आहे. जुन्या देवळांच्या फरशीवर त्याचा पट कोरलेला आढळतो. आपल्या वाघ-बकरीचाच तो भाऊ. वाघ तीनच का, चार का नाहीत, या प्रश्नाने आमची मे महिन्याची एक अख्खी सुट्टी खाल्ली. उत्तर मिळाले नाही. सुट्टी मात्र फार उत्तम गेली.

याच छंदापायी आम्ही संगणकाच्या नादी लागलो. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक-साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना सुरू केली आणि देशातील काही शाळांत 'बीबीसी मायक्रो' नावाची विलायती यंत्रे आली. आमच्या शाळेच्या वाट्याला आलेले यंत्र कपाटात बंद असे, आणि कपाटाची किल्ली गणिताच्या शिक्षकाकडे असे. त्या यंत्राची स्मरणशक्ती बत्तीस किलोबाइट होती. हल्ली रोज सकाळी नातेवाईक मंडळी मोबाइलवर सुप्रभाताची जी फुले पाठवतात, त्यांतील एका फुलालाही याहून अधिक जागा लागते. पण तेवढ्या जागेत आम्ही पुलि-मेका बसवला. शेळ्यांच्या बाजूने यंत्र खेळे आणि दर वेळी हरे. ते हरते याचे आम्हांस काही वाटत नसे. ते दर वेळी एकाच प्रकारे हरते, याचे मात्र वाटे. काल जेथे शेळी गमावली तेथेच आज पुन्हा नेऊन ठेवायची, याला खेळणे म्हणावे कसे?

साप-शिडीचा प्रश्न वेगळा आहे. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट तो हाच, असे सांगतात, आणि त्यातून पाप-पुण्याचे शिक्षण मिळत असेलही. परंतु त्या खेळात खेळणाऱ्याला निवड म्हणून नाही. फासा सांगेल तेथे जायचे. जेथे निवड नाही तेथे चूक नाही, आणि जेथे चूक नाही तेथे शिकण्यासारखेही काही उरत नाही. शिकणारे यंत्र करायचे तर त्याला प्रथम चुकण्याची मोकळीक द्यावी लागते.

अशी मोकळीक फार थोड्या खर्चात देणारा एक मनुष्य होऊन गेला. त्याचे नाव डॉनल्ड मिकी. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या गुप्तलिपी उलगडण्याचे जे काम चालले होते, त्यात हे मिकी अगदी तरुण वयात होते. ॲलन ट्युरिंग तेथेच होते, आणि फावल्या वेळात दोघे बुद्धिबळ खेळत. यंत्राला खेळायला शिकवता येईल का, हा विषय तेव्हापासून दोघांच्याही डोक्यात. ट्युरिंग यांनी पुढे बुद्धिबळ खेळण्याचे नियम कागदावर लिहून काढले आणि ते चालवील असा संगणक हाताशी नसल्यामुळे १९५२ साली स्वतःच संगणक होऊन, कागदावर आकडेमोड करीत, एक डाव खेळून पाहिला. एकेका चालीला अर्धा अर्धा तास लागला, आणि डाव ते हरले. मिकी युद्धानंतर आनुवंशिकीकडे वळले. परंतु १९६१ साली, एडिंबरो येथे असताना, त्यांनी काडेपेट्यांचे एक यंत्र रचले आणि त्याला फुली-गोळ्याचा खेळ शिकवला. यंत्राच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'मेनेस' हा शब्द होतो. त्याचा अर्थ संकट. आमच्या घरात हे नाव ऐकताक्षणी एकमताने मान्य झाले.

यंत्राची रचना अशी. फुली-गोळ्यात पहिली फुली नेहमी यंत्राची. यंत्रावर खेळण्याची पाळी येईल तेव्हा पटावर कोणकोणत्या स्थिती असू शकतील, त्या मोजायच्या. पट फिरवून किंवा आरशात धरून जी स्थिती दुसरीसारखी दिसेल ती वेगळी मोजायची नाही. शेवटच्या चालीत निवड नसते म्हणून तीही सोडायची. पहिल्या चालीची एक, दुसऱ्या पाळीच्या बारा, तिसऱ्या पाळीच्या एकशे आठ आणि चौथ्या पाळीच्या एकशे त्र्याऐंशी, अशा एकूण ३०४ स्थिती भरतात. प्रत्येक स्थितीला एक काडेपेटी. पेटीवर ती स्थिती रेखाटायची, आणि आत रंगीत मणी घालायचे. मण्याचा रंग म्हणजे पटावरचे घर. पेटी हलवायची, पुढे कलती करायची; आत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांचा कोन बसवलेला असतो, त्याच्या टोकाशी जो मणी घरंगळत येईल त्याच्या रंगाच्या घरात यंत्राची फुली. डाव संपला की हिशेब. यंत्र जिंकले असेल तर ज्या ज्या पेट्या उघडल्या त्यांत त्याच रंगाचे आणखी तीन मणी; बरोबरी झाली तर एक; हरले तर जो मणी निघाला होता तोही जप्त. बस्स. याहून अधिक त्यात काही नाही. वीज नाही, तार नाही, चाक नाही.

वाचले तेव्हाच आम्ही ठरवले की हे आपल्या हातांनी करून पाहायचे. संगणकावर हाच प्रयोग अर्ध्या दिवसात होतो, हे आम्हांस ठाऊक होते; पण संगणकावर मणी हाताला लागत नाहीत. पेट्यांची जुळवाजुळव पावसाळाभर चालली. काडेपेटीची किंमत २०२१ च्या डिसेंबरात एका रुपयावरून दोन रुपये झाली, तेव्हा सगळ्याच विकत घ्याव्यात तर सहाशे आठ रुपये. शिवाय त्यांतील हजारो काड्या घरात कोठे ठेवायच्या, हा प्रश्न आमच्या कुटुंबाने उपस्थित केला आणि तो रास्त होता. म्हणून काही पेट्या चहावाल्याकडून रिकाम्या मिळवल्या, काही मारुतीच्या देवळातील पुजाऱ्यांनी जमवून दिल्या. त्यांना तेलाचा आणि कापराचा वास होता. तो अजूनही गेलेला नाही. मणी चारमिनारजवळच्या लाड बाजारातून आणले. नऊ रंगांचे, एकाच आकाराचे, हव्या तितक्या संख्येचे मणी मागणाऱ्या वृद्ध गृहस्थाकडे दुकानदाराने काहीशा करुणेने पाहिले. "हौ, मिलेंगे," म्हणाला, आणि लग्न कोणाचे आहे ते विचारले.

यंत्राशी खेळायला प्रतिस्पर्धी हवा. ते काम आमच्या कुटुंबाने पत्करले. दुपारचा चहा झाला की तीन डाव, असा नेम बसला. पेट्या उघडणे, मणी पाहणे, नोंद करणे ही कामे आमची. म्हणजे यंत्राचे हात आम्ही. पहिल्या पंचवीस डावांत सौभाग्यवती एकोणीस वेळा जिंकल्या आणि यंत्राविषयी त्यांचे मत फारसे बरे झाले नाही. पुढे पुढे मात्र बरोबरी वाढत गेली. मिकी स्वतः आपल्या यंत्राशी दोन दिवसांत, रोज आठ तास बसून, २२० डाव खेळले होते. यंत्र बरोबरी करू लागले तेव्हा त्यांनी मुद्दाम वेड्यावाकड्या चाली खेळून त्याला अपरिचित स्थितीत ओढले. ही हकीकत आम्ही घरी सांगितली नव्हती. पण साठाव्या डावाच्या सुमारास सौभाग्यवतींनी आपण होऊन तेच आरंभले. "ह्या बाजूच्या पेट्यांना अजून कोणी हात लावलेला नाही," असे म्हणत त्या तिकडची चाल करीत आणि यंत्र पुन्हा लहान मुलासारखे चाचपडू लागे. यंत्राला खेळ कळत नाही, त्याला फक्त नेहमीचा प्रतिस्पर्धी कळतो, हे त्यांनी कोणताही ग्रंथ न वाचता हेरले होते.

मूल तव्याला एकदा हात लावते आणि जन्मभर सावध राहते. त्याची पेटी एकाच वेळी रिकामी होते. एवढेच नव्हे, थोरल्या भावाचा हात पोळलेला पाहून धाकटाही दूर राहतो. आमच्या पेट्यांना ही विद्या नाही. प्रत्येक पेटीला आपला हात आपणच पोळून घ्यावा लागतो.

परंतु सर्व यंत्रात आम्हांस अधिक भावली ती एक अगदी साधी तरतूद. चौथ्या पाळीच्या पेट्यांत प्रत्येक घराचा एकेकच मणी असतो. आता समजा, पटावर अशी स्थिती आली की प्रतिस्पर्ध्याने दोन बाजूंनी पेच टाकला आहे. एक अडवावा तर दुसरीकडून मात. अशा पेटीतून कोणताही मणी निघाला तरी डाव जातो, मणी जप्त होतो, आणि दोन-तीन वेळा असे झाले की पेटी रिकामी पडते. पुढे पुन्हा तीच स्थिती आली, पेटी हलवली, आणि आतून काहीच आवाज आला नाही, तर नियम असा की यंत्राने डाव सोडला असे समजायचे. पराभव लिहायचा आणि मागच्या पेट्यांतील मणी काढून घ्यायचे, म्हणजे येथवर आणणारी वाटच हळूहळू बंद होते. पहिल्या पेटीत मणी जास्त ठेवायचे ते याचसाठी. तीच रिकामी झाली तर यंत्र खेळायलाच बसणार नाही. रिकामी पेटी कानाशी धरून हलवण्यात काय मौज आहे, ते सांगून कळायचे नाही. आमच्या सौभाग्यवती अशा वेळी हसत नसत. "सोडलं बिचाऱ्यानं," म्हणत आणि गोळा न मांडताच पट पुसून टाकीत.

डाव सोडणे ही खेळणाऱ्या यंत्रांची जुनी रीत आहे. २०१६ च्या मार्च महिन्यात सोल येथे 'अल्फागो' या यंत्राने गो या खेळातील थोर खेळाडू ली सेडोल यांना पाचपैकी चार डावांत हरवले, तेव्हा जगभर गवगवा झाला. पण १३ मार्चचा चौथा डाव ली यांनी जिंकला, आणि त्या डावात यंत्राने आपण होऊन हार पत्करली, तशी सूचना पडद्यावर झळकली. चार विजयांपेक्षा ती एक सूचना आम्हांस अधिक सुसंस्कृत वाटते.

आता दुसऱ्या जातीच्या यंत्रांकडे येऊ. २०२२ च्या अखेरीपासून बोलणारी यंत्रे घरोघर शिरली. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आता तीच येतात. यांना लिखित मजकुराचा अफाट ढीग वाचायला दिलेला असतो. एका शब्दाच्या तुकड्यामागून दुसरा कोणता येण्याचा किती संभव, याचा हिशेब आत असंख्य आकड्यांच्या रूपाने मुरलेला असतो. २०२० साली जाहीर झालेल्या 'जीपीटी-३' या यंत्रात अशा आकड्यांची संख्या १७,५०० कोटी होती. हे आकडे म्हणजे एका परीने मणीच. चुकत, सुधारत, मणी घालत-काढतच तेही शिकते. मिकींच्या यंत्राला दुसऱ्याचा अनुभव ठाऊक नाही. याला दुसऱ्यांचाच अनुभव ठाऊक आहे, स्वतःचा हात पोळल्याची एकही आठवण नाही. आणि आणखी एक भेद आहे, तो आम्हांस मोलाचा वाटतो. तेथे प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी पेटी नसते. सारे मणी एकमेकांत मिसळलेले. त्यामुळे कोणतीच पेटी पुरती रिकामी सापडत नाही. जेथे काहीही घातलेले नाही तेथेही शेजारचा एखादा मणी घरंगळत येतो आणि यंत्र त्याच्या रंगाची चाल बिनदिक्कत खेळते.

आमच्या चौदा वर्षांच्या नातीचे आणि या यंत्राचे सख्य आहे. तिने परवा त्याला चार वाक्ये सांगून अर्ध्या तासात एक खेळ करवून घेतला. हैदराबादच्या गल्ल्यांतून एक रिक्षा धावते, आणि म्हशी आडव्या येतात. चित्रे सुरेख, संगीतही होते. एवढ्या कामाला आम्हांस पूर्वी तीन महिने लागले असते. एक म्हैस मात्र भिंतीतून आरपार जात होती. का जाते, असे विचारले तर नातीला सांगता आले नाही. तिने यंत्राला सांगितले, आणि म्हैस भिंतीतून जायची थांबली. का थांबली, तेही सांगता आले नाही. "म्हणजे खेळ झाला, पण तू तो केला नाहीस," असे आम्ही म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "आजोबा, मणी तरी तुम्ही कुठे केलेत? लाड बाजारातूनच आणलेत ना?" हे उत्तर कोणत्याही यंत्राने तिला दिलेले नव्हते. आम्ही म्हशीचा विषय सोडून दिला.

पुढचा प्रसंग मात्र इतका हलका नाही. आमच्या सासूबाई मूळच्या नांदेडकडच्या. लग्न होऊन हैदराबादेत आल्या तेव्हा मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील मराठी घरे इकडे राहिली. सासूबाईंच्या बोलण्यात तेलुगू, दखनी आणि परभणी-नांदेडची मराठी अशी मिसळून गेली होती की तिचा टाका कोठेही दिसत नसे. उन्हाळी वाळवण संपल्यावर शेवटची पापडी डब्यात गेली की त्या झाकण लावून त्यावर दोन बोटे वाजवीत आणि एक शब्द उच्चारीत. तो शब्द सौभाग्यवतींना आठवतो. त्यातला सूर आठवतो. अर्थ आठवत नाही. आईला विचारावे असे त्या वेळी कधी वाटले नाही, आणि सासूबाईंना जाऊन आता बावीस वर्षे झाली.

नातीने मोठ्या हौसेने तो शब्द यंत्राला विचारला. यंत्राने तत्काळ सांगितले की हा शब्द कानडीतून आला असून त्याचा अर्थ भरलेले भांडे असा आहे. कानडी जाणणाऱ्या शेजारणीने मान हलवली. पुन्हा विचारले, तेव्हा यंत्राने आधीच्या उत्तराबद्दल दिलगिरी दर्शवली आणि तो शब्द फारसी असल्याचे सांगितले; अर्थ, बरकत. तिसऱ्या खेपेस तो संस्कृत निघाला. तिन्ही वेळा तीच अदब, तोच आत्मविश्वास, तीच नेटकी वाक्यरचना. सौभाग्यवती चष्मा पुशीत ऐकत होत्या. मग त्यांनी भिंतीवरच्या पेट्यांकडे पाहिले आणि विचारले, "ह्याची पेटी रिकामी आहे ना? मग हे डाव का सोडत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर निदान एका गणित-शिक्षकास तरी अवघड जाऊ नये. ज्या परीक्षेत बरोबर उत्तराला गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही, त्या परीक्षेत कोणताही शहाणा विद्यार्थी जागा कोरी सोडीत नाही. आम्ही तीस-बत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. काहीच येत नसताना पानभर लिहिणाऱ्या मुलांचे अक्षर बहुधा सुंदर असे. या यंत्रांच्या परीक्षाही पुष्कळशा याच जातीच्या असतात. 'ठाऊक नाही' म्हणण्याचे शिक्षण त्यांना देण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि अधूनमधून ती तसे म्हणतातही. आमचा त्यांवर राग नाही. रोजच्या व्यवहारात ती उपयोगी पडतात. विजेच्या बिलाबद्दलचा इंग्रजी अर्ज आम्ही त्यांच्याकडूनच लिहवून घेतला, आणि तो आमच्यापेक्षा चांगला झाला.

भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. इंग्रजीच्या मानाने मराठीचे मणी या यंत्रांत मुळातच थोडे. त्यांतही छापील मराठीचे अधिक. प्रांताबाहेरच्या घरांत बोलली गेलेली, कोणी कधी लिहून न ठेवलेली मराठी त्यांत जवळजवळ नाहीच. तेथे खरोखर पेटी रिकामी आहे. उद्या एखाद्या हौशी लेखकाने त्या तीन अर्थांपैकी एक उचलून लेखात घातला, तो छापला गेला, आणि पुढच्या यंत्राने तो वाचला, तर सासूबाईंच्या शब्दात एक परका मणी कायमचा पडेल. मग ते यंत्र तो अर्थ अधिकच खात्रीने सांगेल, आणि ते खोटे आहे असे म्हणायला कोणी उरलेले नसेल. म्हणूनच तो शब्द आम्ही या लेखातही लिहिलेला नाही. तशी घरची सक्त ताकीद आहे.

काडेपेट्यांच्या कामासाठी आणलेली एक दोनशे पानी वही शिल्लक होती. ती आता सौभाग्यवतींनी घेतली आहे. दुपारच्या तीन डावांची वेळ त्या वहीला मिळते, आणि यंत्र कापडाखाली झाकलेले असते. आईचे, आत्याचे, वाड्यातल्या जुन्या बायकांचे आठवतील ते शब्द डाव्या बाजूला, अर्थ उजव्या बाजूला, आणि कोणाच्या तोंडी ऐकला ते कंसात, अशी त्यांची पद्धत आहे. अर्थ नक्की ठाऊक नसेल तर उजवी बाजू कोरी. आम्ही एकदोन ठिकाणी तर्क सुचवून पाहिले. ते पेन्सिलीनेही लिहून घेतले गेले नाहीत. आजवर १३७ शब्द झाले, त्यांपैकी अकरा कोरे आहेत. सासूबाईंची धाकटी बहीण नांदेडला असते. तिचे वय एक्याण्णव आहे, ऐकू कमी येते, पण आठवण चांगली आहे असे तिची सून फोनवर सांगत होती. दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वीच जायचे ठरले असून गाडीची दोन तिकिटे काढली आहेत.